न लागलेल्या निकालास

एक गुंडी.

शर्टाची असावी. गंजून खवले सुटलेल्या लोखंडाला घट्ट धरून बसलेली. २००४ साली चिलीच्या किनाऱ्यावर, किन्तेरोच्या उपसागरात, न्यायाधीश हुआन गुझमान यांच्या आदेशावरून पाणबुडे उतरले आणि त्यांनी तळातून आगगाडीच्या रुळांचे तुकडे वर काढले. त्यांतल्या एका तुकड्यावर ती होती. रूळ माणसाला बांधलेला होता, माणूस वर येऊ नये म्हणून. माणूस विरघळला. रूळ उरला, आणि रुळावर ही.

कुणी लावली असेल ती शेवटची? दारावर थाप पडल्यावर, अंधारात, घाईघाईत, एक काज चुकवून?

निकाला, तुझ्याविषयी लिहायला बसते आणि प्रत्येक वेळी ही गुंडीच आधी समोर येते. तू आला असतास तर हिला एक क्रमांक मिळाला असता. मुद्देमाल अमुक. लाखेचं सील, पंचांच्या सह्या. भर कोर्टात कुणीतरी ती चिमटीत धरून उजेडात उचलली असती, आणि पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्याला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

एवढंच. तेवढंसंच मागितलं होतं.

गुंडी आता सान्तियागोत आहे, व्हिया ग्रिमाल्दीच्या स्मारकात, रुळांच्या सोबतीला. तिथे एके काळी गुप्त पोलिसांचा छळाचा तळ होता. आता गुलाबांची बाग आहे, तिथे छळलेल्या, तिथून नाहीशा केलेल्या बायकांच्या नावाने लावलेली. गुलाब फुलतात. वारा आला की पाकळ्या गळतात. बाकी काही ऐकू येत नाही.

किती साधा शब्द आहेस तू आमच्या भाषेत. शाळेचा निकाल लागतो, बांधाच्या भांडणाचा लागतो, कुस्तीचा लागतो. फळ पिकून आपसूक पडावं तसा. पण 'लागतो'च्या जागी 'लावतो' म्हटलं की तोच शब्द हातात सुरा घेऊन उभा राहतो. अमक्याचा निकाल लावला. म्हणजे त्याला संपवला.

साडेसोळा वर्षं चिलीचा लष्करी हुकूमशहा आउगुस्तो पिनोशे याने माणसांचा निकाल लावला.

त्याचा निकाल लागला नाही.

११ सप्टेंबर १९७३ ची सकाळ. लष्कराचा उठाव. विमानं. धूर. ला मोनेदा हा राष्ट्राध्यक्षांचा वाडा जळतो आहे. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा देह बाजूच्या रस्त्यावरच्या दारातून बाहेर काढला. मोरान्दे ८०, हा त्या दाराचा पत्ता. पुढे वाडा दुरुस्त झाला, रंगला, खिडक्यांना काचा आल्या. ते दार मात्र परत बसवलं नाही. तिथे भिंत घातली. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांना तिथे वर्षानुवर्षं नुसती भिंत दिसे. ज्यांना ठाऊक होतं त्यांना भिंतीतलं दार दिसे. तीस वर्षांनी, २००३ च्या सप्टेंबरात, ते पुन्हा उघडलं.

हे का झालं, कुणाच्या बळावर झालं, ते सांगणारी जाडजूड पुस्तकं आहेत. आज मला त्यांत जायचं नाही. मला त्या भिंतीसमोर थोडा वेळ उभं राहायचं आहे. विटांच्या पलीकडे बिजागरी कुरकुरते का, ते ऐकायचं आहे.

आणि ते स्टेडियम.

सान्तियागोचं एस्तादिओ नासिओनाल. त्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत हजारो माणसं तिथे कोंडली होती. खेळाडूंनी कपडे बदलायच्या खोल्यांत, जिन्यांखाली, प्रेक्षकांच्या बाकांवर. मग ती हलवली, आणि २१ नोव्हेंबरला तिथेच विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना ठेवला. सोव्हिएत संघाने त्या मैदानात पाय ठेवायला नकार दिला. तरी सामना झाला. शिट्टी वाजली. चिलीचे खेळाडू एकमेकांकडे चेंडू देत देत पलीकडच्या टोकाला गेले आणि रिकाम्या गोलात त्यांनी तो ढकलला.

गोलरक्षक नाही. समोर कुणीच नाही.

जाळं हललं.

मी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. काळंपांढरं, धूसर. पाहून झालं, डोळे मिटले, की जाळं हलतच राहतं.

स्पॅनिशमध्ये उचलून नेलेल्या त्या माणसांना देसापारेसिदोस म्हणतात. नाहीसे झालेले. मराठीत निदान क्रियापद बदलून खरं बोलता येतं. नाहीसा झाला. नाहीसा केला. पहिल्यात कुणाचाच हात नाही. दुसऱ्यात हात आहे, हाताला मनगट आहे, मनगटावर घड्याळ आहे, आणि घड्याळात पहाटेचे तीन वाजले आहेत.

निकाला, तुझं काम तेवढंच तर होतं. 'झाला' खोडायचं, 'केला' लिहायचं. 'केला'ला कर्ता लागतो. त्या कर्त्याचं नाव, आईबापांनी ठेवलेलं सबंध नाव, भरल्या कोर्टात एकदा मोठ्याने वाचायचं. आउगुस्तो होसे रामोन पिनोशे उगार्ते. मग थांबायचं. मग पुढचं वाक्य.

ते पुढचं वाक्य जगात कुठेच नाही. कुठल्या दप्तरात नाही, कुठल्या फितीवर नाही. कुणाच्या घशापर्यंत येऊन परत गेलं असेल तर तेवढंच.

आमच्याकडे देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. पालाशविधी. पानांचं अंग, नारळाचं डोकं. त्याला अग्नी देतात, मग दहावं, मग पिंड, मग कावळ्याची वाट. लहानपणी पुरात वाहून गेलेल्या एका माणसाचा असा पुतळा जळताना मी लांबून पाहिला होता. पानं चरचरत जळली. धूर पातळ होता, पाचोळा पेटवल्यासारखा. तरी त्याची आई त्या रात्री पहिल्यांदा झोपली, असं बायका पाण्यावर बोलत होत्या.

तिकडच्या बायकांना पळस कुठून मिळणार?

त्यांनी कापड घेतलं. गोणपाटाचा चौकोन, त्यावर चिंध्यांची माणसं, चिंध्यांची घरं, मागे ठरलेली आन्देसची डोंगररांग, आणि इतकं सगळं होऊनही वर सूर्य. चर्चच्या आडोशाला, एकमेकींना खेटून बसून त्या शिवत. काहींनी गेलेल्याच्याच कपड्यांच्या चिंध्या लावल्या. गोधडीच ती. आजीच्या लुगड्याची गोधडी ओढली की आजी जवळ आल्यासारखी वाटते, हे आपल्याला सांगावं लागत नाही. या बायकांनी ती गोधडी पांघरली नाही. देशाबाहेर धाडली. टाक्याटाक्याची साक्ष. तू तिकडे कुठे असशील तर तुला दिसावी म्हणून.

आणि त्या नाचल्या.

क्वेका हा त्यांचा जोडीचा नाच. हातात रुमाल. बाई आणि पुरुष एकमेकांभोवती फिरतात, रुमालाने बोलावतात, रुमालानेच लांब ठेवतात. ८ मार्च १९७८, सान्तियागोचं काउपोलिकान थिएटर. पांढरा ब्लाऊज, काळा स्कर्ट, छातीशी टाचलेला फोटो. बाई एकटीच पुढे आली. जोडीदाराची जागा सोडून तिने पावलं टाकली. ती जागा मोजून सोडलेली होती. त्याची उंची तिला ठाऊक, खांद्यांची रुंदी ठाऊक. वळताना ती त्याला धक्का लागू देत नव्हती.

सवाष्ण म्हणावं तर तो नाही. विधवा म्हणावं तर देह नाही. कपाळाचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, अशा त्या उंबऱ्यावर तिचं सगळं आयुष्य गेलं. आमच्या बायकांना हे एका वाक्यात कळेल. समजावून सांगायची गरज पडणार नाही.

समुद्राने एकदा चूक केली.

१९७६ च्या सप्टेंबरात ला बायेनाच्या किनाऱ्यावर एका बाईचा देह लागला. तार सैल झाली असेल, लोखंड सुटलं असेल. मार्ता उगार्ते. तिचं आडनाव आणि पिनोशेच्या आईचं आडनाव एकच. योगायोग आहे, तेवढाच आहे, मला माहीत आहे. तरी ती दोन नावं शेजारी लिहिली की हात थांबतो.

पुढे २००१ च्या जानेवारीत लष्कराने एक यादी दिली. शंभराहून अधिक नावांपुढे पत्ता म्हणून लिहिलं होतं: समुद्र, नदी, तळं. बायकांनी ती यादी वाचली. काहींनी फुलं घेतली आणि पाण्याकडे निघाल्या. पण कुठलं पाणी? कुठली लाट? पॅसिफिक महासागरापुढे एक ओंजळ फुलं घेऊन उभं राहायचं आणि कुठे टाकायची ते कळू नये. शिवाय ती यादीही सगळी खरी नव्हती. ज्याला समुद्रात टाकल्याचं लिहिलं होतं त्याचं हाड पुढे जमिनीत सापडलं, असंही झालं.

उत्तरेला अटाकामा. पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एक. १९ ऑक्टोबर १९७३ ला कालामा गावच्या तुरुंगातून सव्वीस पुरुष बाहेर काढले आणि वाळवंटात नेऊन मारले. हुकूम घेऊन सेनापती हेलिकॉप्टरने आला होता, असाच गावोगाव उतरत. त्या फेरीला लोक मृत्यूचा काफिला म्हणतात.

मग बायका निघाल्या, कुणी आई, कुणी बायको, कुणी पाठची बहीण, हातात फावडी, डोळ्यांवर हाताची सावली, आणि एक वर्ष गेलं, पाच गेली, दहा गेली, सतरा गेली, तरी त्या निघतच राहिल्या, कुणी सांगितलं इथली माती हललेली दिसते की इथे, कुणी म्हणालं त्या टेकाडामागे रात्री ट्रक गेला होता की तिथे, तांबड्या मातीचा पापुद्रा उलटत, पांढरा दगड दिसला की धावत, जवळ जाऊन तो दगडच निघाला की पुन्हा वाकत, आणि वर आकाश इतकं निवळ, इतकं कोरडं, की जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्याच वाळवंटात दुर्बिणी उभारत होते, माणूस नव्हता तेव्हा निघालेला, वाटेत न थकलेला, आता कुठे पोचू लागलेला उजेड टिपायला, आणि त्याच आकाशाखाली या बायकांना दहा-बारा वर्षांपूर्वीचं एक हाड सापडत नव्हतं, ओढ्याएवढ्या अंतरावरचं, कदाचित पायाखालचंच, आणि अखेर १९९० च्या जुलैत केताना नावाच्या घळीत जे सापडलं ते मूठभर होतं, कपच्या, तुकडे, तळहातावर मावतील एवढे, त्यांच्या आधी यंत्रं येऊन गेली होती आणि सबंध माणसं उकरून पुन्हा कुठेतरी घेऊन गेली होती.

दोनदा नाहीसे केलेले.

पात्रिसिओ गुझमान यांनी २०१० साली या बायकांवर आणि दुर्बिणींवर मिळून एक माहितीपट केला, 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट'. तो पाहिल्यापासून गच्चीवर उताणं पडून तारे बघणं मला पूर्वीसारखं जमत नाही. एवढा जुना उजेड इथवर येतो. न चुकता येतो. तुलाच काय झालं?

सान्तियागोच्या मोठ्या दफनभूमीत २९ क्रमांकाचं आवार आहे. लोखंडी क्रूस, त्यावर दोनच अक्षरं: एन. एन. नाव नाही. लोकशाही आल्यावर तिथल्या कबरी उघडल्या, ओळखी पटवल्या, घरच्यांनी आपापला माणूस फुलं घालून, नाव कोरून पुन्हा पुरला. आणि २००६ साली त्यांना बोलावून सांगितलं की ९६ पैकी ४८ ओळखी चुकल्या.

वर्षानुवर्षं परक्या हाडांपाशी बसून आपल्या माणसाशी बोललेलं. नातू झाला म्हणून सांगितलेलं. छपराची गळती, थोरल्याची नोकरी, आईचा आजार. ते सगळं बोलणं कुठे गेलं असेल?

ज्याची ती हाडं होती त्याने ऐकलं असेल. त्याच्याशीही कुणीतरी बोलायला हवंच होतं.

आणि मग तू आलास. आल्यासारखा वाटलास.

१९९८ ची दिवाळी. ओल्या रांगोळ्या, तळणाचा वास. त्या दिवसांतल्या पेपरात बातमी: लंडनच्या एका रुग्णालयात, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर असलेल्या पिनोशेला १६ ऑक्टोबरच्या रात्री पोलिसांनी अटक केली. वॉरंट स्पेनच्या बाल्तासार गार्सोन या न्यायाधीशाचं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारिट फुटलं, त्याचा कडू रस मी जिभेला लावला, आणि थंडीने दात वाजत असताना मला विलक्षण आनंद झाला. इतक्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या देशासाठी. कालामाची तारीख तेव्हा मला ठाऊक नव्हती. आता हिशेब करते तर त्याच आठवड्यात त्या सव्वीस जणांना पंचवीस वर्षं होत होती.

२५ नोव्हेंबर. हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये पाच न्यायमूर्ती एकामागून एक उठले. प्रश्न एकच: राज्यावर होता म्हणून याला कायदा शिवणार नाही का? पहिला म्हणाला, नाही शिवणार. दुसरा म्हणाला, नाही शिवणार. तिसरा म्हणाला, शिवेल. चौथा म्हणाला, शिवेल. पाचवा उठून उभा राहिला. तो उठला आणि त्याचं तोंड उघडलं, यांमध्ये जो वेळ गेला त्यात माझ्या मते अर्धं शतक बसेल.

शिवेल.

त्या दिवशी पिनोशेला ८३ वर्षं पूर्ण झाली.

तेवढा एक क्षण तू जगात होतास. मी साक्ष द्यायला तयार आहे.

पुढे तो कौल रद्द झाला, पाचव्या न्यायमूर्तींच्या एका संस्थेशी असलेल्या संबंधावरून. १९९९ च्या मार्चमध्ये पुन्हा सात जण बसले, सहा विरुद्ध एक. कायदा शिवेल, पण ८ डिसेंबर १९८८ नंतरच्या छळापुरता. म्हणजे १९७३ बाहेर. १९७४ बाहेर. १९७५ बाहेर, १९७६ बाहेर. स्टेडियम बाहेर, वाळवंट बाहेर, समुद्र बाहेर. एकेक वर्ष कोर्टाच्या दारातून माघारी फिरलं आणि चपला हातात घेऊन पायरीवर बसून राहिलं.

५०३ दिवस तो इंग्लंडमध्ये अडकून होता. २ मार्च २००० ला, प्रकृती खटल्याला उभं राहण्याजोगी नाही म्हणून, त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी सान्तियागोच्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून त्याला खाली आणलं. खुर्ची थांबली. तो उठला.

चालू लागला.

ती पावलं मी अजून मोजते. काठी टेकत, हसत, सेनापतीला मिठी मारत, दिवसाढवळ्या, मोकळ्या उजेडात टाकलेली.

घरच्या न्यायाधीशांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. हुआन गुझमान यांनी त्याच्यावर आरोप ठेवले, घरात नजरकैदेत ठेवलं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की म्हातारपणाने त्याचं भान आणि स्मरण ढळलं आहे. आठवणं ज्याचं कर्ज होतं त्याला विस्मरणाची सूट मिळाली. पुन्हा आरोप, पुन्हा वकील, पुन्हा वैद्य. आणि वर्षानुवर्षं छातीवर फोटो लावून उभ्या बायका, फोटोतला मुलगा तेवीस वर्षांचा, धरणारा हात साठीचा, सत्तरीचा, ऐंशीचा.

१० डिसेंबर २००६. दुपार. लष्करी रुग्णालय. वय ९१. जगाच्या पंचांगात तो मानवी हक्क दिन. तक्रारी तीनशेच्या घरात.

शिक्षा एकही नाही.

आमच्या कोर्टात अशा वेळी लिहितात: आरोपी मयत, खटला निकाली.

निकाली. तुझंच नाव आहे त्यात, आणि तू नाहीस.

त्याचं दहन केलं. कबर केली तर तिची विटंबना होईल, अशी घरच्यांना धास्ती होती. राख कुटुंबाच्या मळ्यातल्या घरी नेली. म्हणजे त्यालाही अखेर कबर नाही, असं कुणी मला म्हणालं, जरा समजुतीच्या सुरात. मी गप्प बसले. त्याच्या माणसांच्या हातात राख आली होती. ऊबदार, वजन असलेली. त्यांना ती कुठे ठेवायची ते ठरवता आलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये हेगच्या कोठडीत सर्बियाचा स्लोबोदान मिलोशेविच मेला. चार वर्षं खटला चालला होता. तू उंबऱ्यावर होतास. त्याआधी १९९८ च्या एप्रिलमध्ये कंबोडियाच्या जंगलात तिथलाच हुकूमशहा पोल पॉट. त्याच्या वेळी तर तू घरातूनही निघाला नव्हतास.

एकदा मात्र पोचलास. ३० मे २०१६, सेनेगलमधलं डाकार. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे पिंजऱ्यात. डोक्याला पांढरं गुंडाळलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, खटलाभर मौन. जन्मठेप, असं वाचलं गेलं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारी माणसं, त्यात चाडच्या बायकाही, एकमेकांच्या गळ्यात पडली. तुला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. ते ऐकून मी हेवा केला. लाज वाटते, पण केला. सान्तियागोच्या बायकांच्या वतीने मी चाडच्या बायकांचा हेवा केला.

व्हिक्तोर हारा. गिटार घेऊन गाणारा. १९७३ च्या सप्टेंबरात दुसऱ्या एका, लहान स्टेडियममध्ये कोंडून मारलेला. अंगावर ४४ गोळ्यांच्या खुणा. त्याची बायको जोन, नर्तकी. शवागारातल्या देहांच्या ओळींमधून तिने त्याला ओळखलं, आणि उरलेलं सगळं आयुष्य ती तुझ्या मागे चालली. २८ ऑगस्ट २०२३ ला चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने सात माजी लष्करी अधिकाऱ्यांची शिक्षा कायम केली. पन्नास वर्षांनी. १२ नोव्हेंबरला जोन गेली. वय ९६.

अडीच महिने. तेवढंच तिला तुझ्याबरोबर राहायला मिळालं. ते कसे गेले असतील? सकाळी उठून तिने खिडकी उघडली असेल, चहा ठेवला असेल, आणि आता कुठे जायचं ते तिला सुचलं नसेल?

तुझ्यावर रागावता येत नाही मला. तुझं तोंडच मी पाहिलेलं नाही. घरात एक खुर्ची ठेवावी, तिच्यावर कुणाला बसू देऊ नये, संध्याकाळी दिवा लावताना तिच्याकडे बघावं, तसं तुझ्याशी माझं नातं. ज्याचा तू लागणार होतास तो मेला, हे पक्कं ठाऊक आहे. मेलेल्यावर खटला चालत नाही. तू आता कधीच येणार नाहीस. तरी फाटक वाजलं की मान वळते.

त्याच २०२३ च्या ऑगस्टअखेरीस चिलीच्या सरकारने शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. यादीत १,४६९ नावं. त्यांतल्या हजाराहून अधिक जणांचा अजून ठावठिकाणा नाही. शोधणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या. बऱ्याच जणी गेल्या. त्यांची फावडी कुणी ठेवली असतील का, की भंगारात गेली?

एस्तादिओ नासिओनालमध्ये अजून सामने होतात. आता समोर गोलरक्षक असतो. दिवे लागतात, लोक ढोल वाजवतात, लेकरं खांद्यावर चढतात. आठ क्रमांकाच्या दाराशी जुन्या लाकडी बाकांचा एक पट्टा आहे. बाकी सगळीकडे नव्या खुर्च्या आल्या. तो पट्टा मुद्दाम तसाच ठेवला आहे, कठडा घालून, १९७३ साली त्यावर बसवलेल्या माणसांसाठी. स्टेडियम भरून वाहत असलं तरी त्या बाकांवर कुणाला बसवत नाहीत.